जीनमागचं इंजिन

दिवाळीनंतर खानदेशात कापसाच्या ट्रॉल्यांची रांग दिसली की समजायचं, पुढे जीन आहे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारा कारखाना. कुठून आलास असं विचारलं तर अहिराणीत उत्तर मिळतं, "कापूस जीनमा टाकीसन उनू", म्हणजे जीनमध्ये टाकून आलो. शब्द इतका घरचा झालाय की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

'जीन' म्हणजे 'इंजिन'ची पहिली अक्षरं गळून उरलेलं शेपूट. मूळ लॅटिन 'इंजेनियम'. अर्थ उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्लंडात पोचला तेव्हाही डोक्यातलाच होता: हुशारी, डाव, क्लृप्ती. मग क्लृप्तीने बनवलेल्या वस्तूला तेच नाव पडलं. तटबंदी फोडणारं युद्धयंत्र म्हणजे इंजिन, ते बनवणारा इंजिनियर. तुटका 'जिन' तर पक्ष्यांच्या फाशालाही लागला. वाफेचं इंजिन फार नंतरचं. तेव्हा भुसावळच्या यार्डातलं इंजिन, विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि जळगावची जीन ही एकाच घरची भावंडं.

कापसाच्या जीनचं श्रेय सहसा अमेरिकेच्या एली व्हिटनीला देतात. 1794 साली त्याने दातेरी यंत्राचं पेटंट घेतलं. सरकी काढायचे कष्ट वाचले, तशी तिकडे कापसाची लागवड वाढली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही फोफावली. पण सरकी काढायची क्लृप्ती काही त्याची एकट्याची नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत एका रुळाचा रेचा, म्हणजे सरकी काढायचं जुनं हातयंत्र, दिसतो, असं तंत्रज्ञानाचे इतिहासकार सांगतात. आपल्याकडच्या जीनमध्येही बहुधा दाते नसतातच. चामड्याचा रूळ तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली पाती सरकीला अडवते. रुई पुढे जाते, सरकी खाली पडते. नाव साहेबाचं असलं तरी चाल रेच्याचीच.

1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. त्याच दशकात रेल्वेही खानदेशात आली. जीन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस इथे रुजले ते त्यानंतर.

2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या पाकिटाबरोबर दुसरा 'जीन' शिवारात शिरला, गुणसूत्रावरचा, म्हणजे जनुक. हा शब्द 1909 सालचा, ग्रीक 'गेनोस'वरून, म्हणजे कूळ. गंमत अशी की 'इंजेनियम'मधला 'जेन' आणि हा 'गेन' मुळात एकच. दोन्हींचा अर्थ जन्माशी बांधलेला. आपल्या 'जन्म'मधला संस्कृत 'जन्' धातूही त्याच घराण्यातला. रुळाखाली पडणाऱ्या सरकीत जो जीन आहे, तो वर फिरणाऱ्या जीनचा दूरचा चुलतभाऊच म्हणायचा.

जीनची पँट मात्र या नात्यात नाही. कापड कापसाचं, पण नाव इटलीतल्या जिनोआ शहराचं.