विमा कंपन्यांतील बदलांची नियामक नोंद : मराठवाड्याच्या संदर्भात

परवानाप्राप्त विमा कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालय, भागभांडवल, मोठे भागधारक, संचालक मंडळ, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा खुद्द विमाव्यवसायाची मालकी यांत बदल झाला, तर तो नियामकाला कळवावा लागतो आणि काही बाबतींत आधी मंजुरी घ्यावी लागते. या प्रक्रियेचा मुख्य आधार विमा अधिनियम, १९३८ हा आहे. त्याची अंमलबजावणी भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण (इर्डाई) करते. त्याचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत विमा कंपनी भेटते ती शाखा, विभागीय कार्यालय आणि विमा प्रतिनिधी यांच्या रूपाने. नोंदणीकृत कार्यालये मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा शहरांत असतात. त्यामुळे कंपनीतला बदल इथल्या पॉलिसीधारकाला कळतो तो बहुधा हप्त्याच्या पावतीवर नवे नाव छापून आल्यावरच.

उगम. या पद्धतीची सुरुवात कोठून धरावी याबाबत दोन मते आढळतात. एक मत ती १९३८ च्या अधिनियमापासून धरते. दुसरे मत ब्रिटनच्या १८७० च्या आयुर्विमा कंपनी कायद्यापर्यंत मागे जाते. त्याआधीच्या वर्षी, १८६९ मध्ये, अल्बर्ट ही आयुर्विमा कंपनी बुडाली होती. तिने अनेक लहान कंपन्या आपल्यात सामावून घेतल्या होत्या. ज्यांनी अल्बर्टकडून पॉलिसी घेतलीच नव्हती, असे लोकही त्यामुळे तिच्या दिवाळखोरीत सापडले. त्यानंतरच्या कायद्यात कंपन्यांच्या एकत्रीकरणावर न्यायालयाची देखरेख आली. भारतात १९१२ च्या आयुर्विमा कंपनी अधिनियमावर या ब्रिटिश परंपरेची छाप आहे. १९२८ चा अधिनियम मुख्यतः विमाव्यवसायाची आकडेवारी जमवण्यासाठी होता. एकत्रीकरणापुरते पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र इतर बदल कळवण्याचे बंधन १९३८ च्या नोंदणी-व्यवस्थेतून निघते. कलम ३ नुसार नोंदणीच्या अर्जासोबत जी माहिती व कागदपत्रे दिली जातात, त्यांच्यात फरक पडताच तो ताबडतोब कळवावा, असे कलम २६ सांगते. हे कलम नोंदणीशीच बांधलेले असल्याने त्याचा उगम नोंदणीच्या मागे नेता येत नाही.

मराठवाड्यात कायद्याचा प्रवेश. मूळ अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, तरी केंद्रीय कायदे त्याच दिवशी लागू झाले असे मानता येत नाही. हैदराबाद हे २६ जानेवारी १९५० पासून घटनेतील ‘भाग ब’ राज्य झाले. विमा अधिनियमाची व्याप्ती वाढवणारी दुरुस्ती १९५० ची असून ती बहुधा १ जून १९५० पासून अमलात आली. ‘भाग ब’ राज्यांना अनेक केंद्रीय कायदे लागू करणारा स्वतंत्र अधिनियम १ एप्रिल १९५१ पासूनचा आहे. काही जण या दुसऱ्या तारखेवर भर देतात. १९५०–५१ हा कालखंड सांगणे सुरक्षित. त्यातही १ जून १९५० या तारखेकडे कल ठेवावा असे दिसते. या तपशिलाला महत्त्व आहे. एकत्रीकरणाच्या योजनेला मंजुरी देण्याचे काम मुळात न्यायालयाकडे होते. ते विमा नियंत्रकाकडे (विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या तेव्हाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) गेले तेही साधारण याच दुरुस्तीने. म्हणजे मराठवाड्यात हा कायदा आला तो बहुधा प्रशासकीय मंजुरीच्या रूपातच.

पुढे लवकरच हा विषय जवळजवळ थांबला. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन २४५ कंपन्या व भविष्यनिर्वाह विमा संस्थांचा व्यवसाय त्यात आला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्यामुळे या भागातील जुन्या पॉलिसींच्या बाबतीत दोन महिन्यांत आधी विमा कंपनी बदलली आणि मग राज्य. सर्वसाधारण विम्यातील १०७ कंपन्यांची चार कंपन्यांत विभागणी १ जानेवारी १९७३ पासून झाली. हे बदल संसदेच्या कायद्याने झाले, कंपन्यांच्या अर्जांवरून नव्हे.

सध्याची रचना. १९९९ च्या अधिनियमाने प्राधिकरणाला वैधानिक पाया मिळाला, खाजगी कंपन्या आल्या आणि बदल कळवण्याच्या तरतुदी पुन्हा जिवंत झाल्या. विदेशी भागीदारीची मर्यादा आरंभी २६ टक्के होती, ती २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. प्रत्येक वाढीनंतर भागधारणेतील बदलांचे अर्ज आले. नोंदणी, भांडवल-रचना, भाग-हस्तांतरण आणि एकत्रीकरण यांचे विखुरलेले विनियम २०२४ मध्ये एकत्र करण्यात आले.

भाष्यकार कधीकधी या सर्व अर्जांना सरसकट ‘मंजुरी’ म्हणतात, ते बरोबर नाही. कलम २६ खालची बाब केवळ कळवण्याची आहे. भाग-हस्तांतरणासाठी कलम ६अ आहे : ठरावीक मर्यादेपलीकडचे हस्तांतरण (दीर्घकाळ ही मर्यादा भरणा झालेल्या भांडवलाच्या १ टक्का अशी होती) प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीशिवाय कंपनी आपल्या नोंदवहीत चढवू शकत नाही. व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांची नेमणूक, फेरनेमणूक आणि पदावरून दूर करणे यांनाही कलम ३४अ नुसार पूर्वमंजुरी लागते. शिवाय विमा कंपनी ही कंपनी कायद्याखालीही येते. संचालक बदलल्याची माहिती कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत द्यावी लागते, आणि नाव बदलल्यास निबंधकाचे नवे प्रमाणपत्र लागते. एकाच बदलाचे कागद दोन दारी जातात.

शाखांबाबत कलम ६४व्हीसी महत्त्वाचे आहे. नवी शाखा उघडणे किंवा जुनी दुसऱ्या गावी हलवणे प्राधिकरणाच्या नियमांनुसारच करता येते. हिंगोलीची शाखा परभणीला गेली तर हे कलम लागू होते. त्याच शहरात एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाण्याचा प्रश्न वेगळा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे शाखांचे पत्ते बदलले. ते स्थलांतर नव्हे.

एकत्रीकरण व हस्तांतरण. कलम ३५ व ३६ हा या विषयाचा गाभा आहे आणि पॉलिसीधारकाचा थेट संबंध येतो तो इथेच. योजनेचा अर्ज करण्याआधी किमान दोन महिने प्राधिकरणाला सूचना द्यावी लागते. त्या दोन महिन्यांत कराराचा मसुदा, ताळेबंद आणि विमागणितज्ञांचे अहवाल कंपनीच्या मुख्य कार्यालयातच नव्हे, तर शाखा कार्यालयांतही सभासद व पॉलिसीधारक यांना पाहण्यासाठी खुले ठेवावे लागतात. मुख्य कार्यालयाला हेलपाटा घालणे ज्याला परवडत नाही, अशा जालन्याच्या किंवा लातूरच्या माणसासाठी ही एक ओळ बाकी सगळ्या कलमांपेक्षा मोलाची आहे. कायद्याने त्याला त्याच्याच गावच्या शाखेत कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. हे कागद सामान्यतः इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत असतात. शाखेत त्यांचा दोन पानांचा मराठी गोषवारा ठेवला जाईल, तर या हक्काला खरा अर्थ येईल. अर्ज आल्यावर प्राधिकरण पॉलिसीधारकांच्या हरकती विचारात घेते.

कलम ३५ च्या व्याप्तीबद्दलचा सर्वांत गाजलेला वाद २०१६–१७ चा. एचडीएफसी लाइफ आणि मॅक्स लाइफ यांच्या प्रस्तावित योजनेत मॅक्स लाइफ ही विमा कंपनी आधी तिच्या बिगर-विमा मूळ कंपनीत विलीन व्हायची होती. विमा कंपनी ही विमा नसलेल्या कंपनीत विलीन होऊ शकत नाही, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. योजनेच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की ही मधली पायरी क्षणिक असून अंती विमाव्यवसाय विमा कंपनीकडेच राहतो. तेव्हाच्या कलमाचे शब्द पाहता प्राधिकरणाचे वाचन अधिक सरळ वाटते. ही योजना २०१७ मध्ये सोडून देण्यात आली. याउलट एक्साइड लाइफचे सर्व भाग १ जानेवारी २०२२ रोजी एचडीएफसी लाइफने घेतले आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण व प्राधिकरण या दोघांच्या मंजुरीनंतर १४ ऑक्टोबर २०२२ रोजी विलीनीकरण पूर्ण झाले. सर्वसाधारण विम्यात भारती अ‍ॅक्साचा व्यवसाय २०२१ मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डकडे आला.

पीकविम्यातील ‘कंपनी बदलली’. मराठवाड्यात हे शब्द सर्वाधिक ऐकू येतात ते खरीप हंगामात, पण त्यांचा या नोंदीतील विषयाशी संबंध नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत जिल्ह्यांचे गट पाडून राज्य सरकार निविदेने कंपनी ठरवते. मुदत संपली की जिल्ह्याला दुसरी कंपनी मिळू शकते; पहिली कंपनी, तिचे भागधारक, तिची नोंदणी जशीच्या तशी असते. २०२० मध्ये बीड जिल्ह्यात भारतीय कृषी विमा कंपनीने ८०:११० हे सूत्र राबवले (‘बीड पॅटर्न’ : दावे जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेले तर जादा भार राज्याचा, ८० टक्क्यांपेक्षा कमी राहिले तर जादा शिल्लक राज्याला परत), तोही जोखीम-वाटणीतील बदल होता, कंपनीतील नव्हे. हा फरक व्यवहारात उपयोगी पडतो : निविदेने कंपनी बदलल्यावर मागील हंगामाचा दावा जुन्याच कंपनीकडे राहतो, विलीनीकरणात मात्र जुन्या पॉलिसींची जबाबदारी उत्तराधिकारी कंपनीकडे जाते.

पॉलिसीवरील परिणाम. केवळ नाव बदलल्याने (रेलिगेअर हेल्थचे केअर हेल्थ, २०२०; मॅक्स बुपाचे निवा बुपा, २०२१) कराराच्या अटी, विमारक्कम किंवा नामनिर्देशन बदलत नाही आणि त्यासाठी नवी पॉलिसी घ्यावी लागत नाही. दाव्याबाबतची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे जाते. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याचे. एकत्रीकरणाला हरकत घेणे लोकपालाच्या कक्षेत येत नाही. ती प्राधिकरणाकडेच, आणि योजनेला मंजुरी मिळण्यापूर्वी, नोंदवावी लागते.