ऑस्टिओसार्कोमा : केमोथेरपीच्या परिणामाचे प्रतिमाचित्रण

शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या केमोथेरपीमुळे हाडातील कर्करोगाच्या किती पेशी मेल्या, याचा अंदाज एक्स-रे, एमआरआय, पेट-सीटी अशा तपासण्यांवरून घेण्याची पद्धत. ऑस्टिओसार्कोमा हा प्रामुख्याने किशोरवयात, बहुधा गुडघ्यालगतच्या हाडांत होणारा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देण्याची प्रथा १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात पडली, आणि तीही काहीशी योगायोगाने : रुग्णाच्या मापाचा धातूचा कृत्रिम सांधा तयार होऊन येईपर्यंत नुसते थांबण्याऐवजी औषधे सुरू करण्यात आली. काढलेल्या गाठीचा ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग मृत आढळला, तर प्रतिसाद चांगला मानतात. हा निर्णय मात्र शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच होतो; तो आधी कळावा यासाठी प्रतिमाचित्रणाचा खटाटोप.

इतर अनेक कर्करोगांत गाठ आक्रसली की औषध लागू पडले असे म्हणता येते. येथे ते मोजमाप फसवे ठरते. कर्करोगपेशींनी तयार केलेला खनिजयुक्त अस्थिपदार्थ पेशी मेल्यानंतरही जागच्या जागी राहतो, त्यामुळे गाठ पूर्वीएवढीच दिसते. क्वचित आत रक्तस्राव होऊन ती वाढल्याचाही भास होतो. एक्स-रेमध्ये कडा रेखीव होणे व कॅल्शियम वाढणे ही शुभचिन्हे असली, तरी केवळ त्यांवर विसंबता येत नाही. युइंग सार्कोमा या हाडांच्या दुसऱ्या एका कर्करोगात हाडाबाहेरचा मऊ भाग झपाट्याने कमी होत असल्याने तेथे आकाराला अधिक अर्थ आहे.

म्हणून आकारापेक्षा गाठीतील जिवंतपणा शोधणाऱ्या तपासण्या महत्त्वाच्या ठरल्या. गतिशील एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमयुक्त (प्रतिमेत उजळ दिसणारे) द्रव्य देऊन काही सेकंदांच्या अंतराने प्रतिमा घेतात. धमनीत द्रव्य पोहोचताच पाठोपाठ उजळणारा भाग बहुधा जिवंत असतो, तंतुमय झालेला भाग सावकाश उजळतो आणि मृत भाग जवळजवळ काळाच राहतो. विसरणाधारित एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते : पेशींची दाटी मोडली की पाणी मोकळे फिरू लागते व विसरण गुणांक वाढतो. ऑस्टिओसार्कोमाच्या कूर्चाबहुल प्रकारात हा गुणांक मुळातच जास्त असल्याने उपचारापूर्वीच्या आकड्याशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पेट-सीटीत किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य गाठ किती शोषते ते पाहतात. उपचारानंतर शोषणाचा कमाल निर्देशांक २.५ च्या खाली उतरणे अनेक अभ्यासांत चांगल्या प्रतिसादाशी निगडित आढळले आहे. परंतु पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने नुकतीच दिली असतील, तर निरोगी अस्थिमज्जाही उजळते, आणि गाठीभोवतीचा दाहही जिवंत कर्करोगासारखा दिसू शकतो.

प्रतिसाद आधी कळून उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. युरामॉस-१ या आंतरराष्ट्रीय चाचणीत कमी प्रतिसाद दिलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आयफॉस्फामाइड व इटोपोसाइड ही केमोथेरपीची औषधे जादा देऊनही लाभ झाला नाही, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे या प्रतिमांचा रोकडा उपयोग आज औषधबदलापेक्षा शस्त्रक्रियेच्या आखणीत अधिक आहे : गाठ मुख्य रक्तवाहिन्यांपासून किती दूर आहे, मज्जेत कुठवर पोहोचली आहे, अवयव वाचवता येईल का, हे त्यांवरून ठरते. फुप्फुसांत पसरलेल्या गाठींबाबतही आकाराची तीच अडचण येते. कॅल्शियम साचलेली गाठ मेली की जिवंत, हे सीटीवर खात्रीने सांगता येत नसल्याने शक्य असेल तेथे ती काढूनच तपासतात.