सून कोण, ते आधी सांगा

विनोदी विज्ञानकथेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हां, म्हणजे विज्ञानकथांचं विडंबन!’ डग्लस ॲडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टु द गॅलॅक्सी’बद्दल तर हे वाक्य मी इतक्या परिचयलेखांत वाचलंय, की आता ते दिसलं तरी दात शिवशिवतात. १९७८ साली बीबीसी रेडिओवर ही श्रुतिकामालिका आली, १९७९ मध्ये कादंबरी झाली, आणि तेव्हापासून तिच्या कपाळी हा शिक्का बसलाय. विडंबन त्यात आहे, पण चवीपुरतं. पुस्तक उभं आहे ते उपरोधावर.

विडंबन म्हणजे काय हे मराठी वाचकाला शिकवायला नको. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली तेव्हाच तो धडा आपला घोटून झालाय. मूळ कवितेचं वृत्त घ्यायचं, तिचे लाडके शब्द घ्यायचे, तिचा गळा काढायचा आणि आत भलताच माल भरायचा. मूळ ठाऊक असेल तर हसू येतं, नसेल तर निम्मी गंमत वाया. विज्ञानकथेतही तेच. मेल ब्रुक्सचा ‘स्पेसबॉल्स’ (१९८७) सुरू होतो तो एका यानानं. ते पडद्यावरून सरकायला लागतं, सरकतं, सरकतच राहतं. ‘स्टार वॉर्स’ची सुरुवात ज्याला आठवते तो पोट धरून हसतो. माझ्या आईनं ती कधी पाहिली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, ‘अडकलंय का रे हे?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. विडंबनाला मूळ लागतं. बस, एवढंच.

घोळ खरा दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. इंग्रजीत पॅरडी आणि सटायर असे दोन शब्द आहेत; आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘विडंबन’ म्हणून मोकळे होतात. कवितेची नक्कल केली तरी विडंबन आणि मंत्र्याला चिमटा काढला तरी विडंबन. त्यात हल्ली हिंदीच्या संगतीनं सटायरला ‘व्यंग’ म्हणायची फॅशन आलीय. व्यंगचित्र ठीक आहे, तो शब्द रुळला. पण ‘या लेखिकेच्या लेखनात जबरदस्त व्यंग आहे’ असं कुणी लिहिलं, की मला त्या बिचारीला एखादा चांगला डॉक्टर सुचवावासा वाटतो. सटायरला उपरोध म्हणावं की उपहास, यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं. मी उपरोध म्हणतो.

तर उपरोध विज्ञानकथेत नेमकं काय करतो? त्यासाठी आपल्याकडे चार शब्दांची म्हण आहे: लेकी बोले, सुने लागे. सासू ओरडते लेकीवर, ‘काय गं, दुपारचे बारा वाजले तरी चहाची भांडी तशीच?’ लेक निवांत असते, कारण तिला माहीत असतं की बोलणं तिला नाहीच. पलीकडे सुनेचे कान तापतात. विज्ञानकथेतला परग्रहवासी ही लेक. त्याला तीन डोकी असोत नाही तर शेपूट, लेखक त्याच्याशी बोलतोय असं नुसतं दिसतं. म्हणून माझा एकच प्रश्न असतो: सून कोण? कान तापले ते जर एखाद्या कथाप्रकाराचे, त्यातल्या ठरावीक नायकाचे, ठरावीक यानांचे असतील तर ते विडंबन. तापले ते खुर्चीत बसून वाचणाऱ्याचे असतील तर उपरोध.

आता ॲडम्सची सुरुवात जवळून पाहा. आर्थर डेंट नावाचा साधा इंग्रज माणूस सकाळी उठतो तर घर पाडायला बुलडोझर दारात उभा. वळणरस्ता जायचाय. हरकत घ्यायची होती तर आराखडा नऊ महिने जाहीर लावलेला होता की, असं नगरपरिषदेचा प्रॉसर नावाचा अधिकारी त्याला ऐकवतो. कुठे लावला होता? तळघरात. तिथे दिवे नव्हते, जिनाही नव्हता. वापरात नसलेल्या संडासात एक कुलूपबंद कपाट, त्याच्या तळाशी तो कागद, आणि संडासाच्या दारावर पाटी: बिबट्यापासून सावध. थोड्याच वेळात वोगॉन नावाच्या परग्रहवासीयांची याने आकाशात येतात आणि जाहीर करतात की अंतराळातल्या द्रुतगती मार्गासाठी पृथ्वी पाडायची आहे. आरडाओरडा करू नका, आराखडा अल्फा सेंटॉरीच्या स्थानिक कार्यालयात पन्नास वर्षं लावलेला होता. चार प्रकाशवर्षं तर अंतर आहे, जाऊन बघितला का नाहीत?

यात विज्ञानकथेची टिंगल कुठे आहे? परग्रहवासीयांच्या हल्ल्याच्या गोष्टींना एक हलकी टपली आहे, मान्य. जग जिंकायला येणाऱ्या राक्षसांऐवजी इथे येतात ते बांधकाम खात्याचे कारकून. पण ती टपली तेवढ्यापुरतीच. फटका बसतो तो प्रॉसरला, आणि गंमत म्हणजे अक्षरशः त्यालाच बसतो. सकाळी जो दुसऱ्याला ‘हरकत वेळेत का घेतली नाहीत’ म्हणून सुनावत होता, तोच दुपारपर्यंत मुदत टळलेला हरकतदार होतो. अंतराळ इथे शोभेला नाही, हिशेबाला आहे. घराच्या जागी ग्रह ठेवला, तळघराच्या जागी अल्फा सेंटॉरी, आणि समीकरण तेच राहिलं.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नुकताच आमच्या गल्लीच्या रस्तारुंदीचा नकाशा शोधून आलो होतो. संबंधित कार्यालयात तो ‘हरकती व सूचनांसाठी’ रीतसर लावलेला होता, एका उघड्या दाराच्या मागच्या बाजूला. दार कायम उघडं असायचं, म्हणजे नकाशा कायम भिंतीकडे तोंड करून. मी दार ओढून घेतलं तर शिपाई म्हणाला, ‘साहेब, वारा बंद होतो.’ मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती. मी एकही इंग्रजी अंतराळकथा वाचलेली नसती तरी वोगॉन मला कळलेच असते. आईला ‘स्पेसबॉल्स’ कळला नाही आणि वोगॉन मात्र कळले, यातच सगळं आलं.

म्हणून ओळखायची एक सोपी युक्ती मी सांगतो: यान काढा, एसटी घाला. यान काढल्यावर विनोद मेला तर ते विडंबन होतं. जरा दुबळा होऊन का होईना जगला, तर उपरोध. मात्र यान काढून काहीच बदललं नाही, विनोद जसाच्या तसा राहिला, तर तो दोन्ही नव्हे, फॅन्सी ड्रेस. आणि इथे माझं आपल्या दिवाळी अंकांशी जुनं भांडण आहे. मंगळावरचा प्राणी सदाशिव पेठेत येतो, दुकानदार त्याला दुपारी एक ते चार हाकलतो, घरमालक भाडेकरूच्या अटी वाचून दाखवतो, प्राणी घाबरून परत जातो. प्राण्याच्या जागी नागपूरचा पाहुणा बसवला तरी कथेचा स्वल्पविराम हलणार नाही. ही विनोदी विज्ञानकथा नव्हे. हा हिरवा रंग फासलेला जुनाच किस्सा आहे, आणि दरवर्षी निदान दोन येतात.

लेकी बोले सुने लागेची खरी गरज कुणाला होती हे पाहायचं तर पोलंडला जायला हवं. स्तानिस्लाव लेम कम्युनिस्ट राजवटीत लिहीत होता. सुनेचं नाव घ्यायची सोयच नव्हती. १९५७ च्या त्याच्या ‘स्टार डायरीज’मध्ये इयॉन टिखी नावाचा अंतराळप्रवासी पिंटा नावाच्या ग्रहावर जातो. तिथे सगळे हनुवटीपर्यंत पाण्यात उभे. पाण्याखाली जगणं हेच जीवनाचं उच्च ध्येय असं सरकारी धोरण आहे, बोलताना बुडबुडे काढणं हे निष्ठेचं लक्षण, आणि यच्चयावत जनतेला संधिवात. का? तर कधीकाळी त्या ग्रहावर दुष्काळ होता. पाणी आणायला एक खातं काढलं. दुष्काळ संपला, खातं संपेना. त्यानं पाणी सोडणं चालूच ठेवलं, आणि मग इतक्या पाण्याचं करायचं काय, यासाठी तत्त्वज्ञान तयार झालं. आधी खातं, मग पूर, मग विचारसरणी, हा क्रम लेमनं काय नेमका पकडलाय! यातही लोक ‘परग्रहवर्णनांचं विडंबन’ शोधतात. शोधा बापडे. पाटबंधारे हा शब्द ज्यानं ऐकलाय त्याला सून शोधावी लागत नाही.

आता माझ्याच युक्तीला तडा जाणारी जागा. ॲडम्सचा बेबल फिश नावाचा छोटा पिवळा मासा कानात घातला की विश्वातली कुठलीही भाषा कळते. अंतराळकथांत कुठल्याही ग्रहावर उतरा, तिथले लोक फर्डं इंग्रजी बोलतात, ही त्या प्रकाराची जुनी लबाडी. मासा हे त्या लबाडीचं विडंबन. यान काढलं तर मासा तडफडून मरतो. पण ॲडम्स तिथे थांबत नाही. शेवटी तो सांगतो की सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं नीट कळायला लागलं, आणि त्यामुळे इतिहासात कशामुळे झाली नसतील इतकी रक्तपाती युद्धं झाली. एकाच माशाचं डोकं विडंबनाचं आणि शेपूट उपरोधाची. म्हणून ‘हे पुस्तक विडंबन की उपरोध?’ हा प्रश्नच फसवा आहे. पुस्तकाला विचारू नका, त्या त्या विनोदाला विचारा, कधीकधी अर्ध्या विनोदाला.

विडंबनानं दार उघडून उपरोध आत सोडणं ज्याला सगळ्यात छान जमलं तो हॅरी हॅरिसन. १९५९ च्या रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये अंतराळातली लष्करी नोकरी म्हणजे माणूस घडवणारी शाळा. हॅरिसन स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता आणि त्याचं मत वेगळं होतं. त्याच्या ‘बिल, द गॅलॅक्टिक हीरो’मधल्या (१९६५) शेतकरी पोराला लष्कर वाजतगाजत पळवतं, त्याचा डावा हात लढाईत जातो आणि त्या जागी मेलेल्या सोबत्याचा उजवा हात बसवतात. दोन उजवे हात. इथपर्यंत नक्कल. पुढे तो साम्राज्याच्या राजधानीत पोचतो. सगळा ग्रह धातूनं मढवलेला, आयझॅक अॅसिमॉव्हच्या कादंबऱ्यांतल्या ट्रँटॉर या राजधानीच्या ग्रहासारखा. अॅसिमॉव्हचा वाचक तो थाट पाहून दिपून जातो. हॅरिसन एवढंच विचारतो: कचरा कुठे टाकता? कचरा खात्यात लागलेला बिल मग उष्टी प्लॅस्टिकची ताटं पार्सलं करून अनोळखी लोकांना टपालानं पाठवायची शक्कल काढतो. कचरा डेपोच्या गावाला राहणाऱ्या माणसानं हे वाचून मला सांगावं की हे फक्त अॅसिमॉव्हचं विडंबन आहे. आणि शेवटी? शेवटी बिल लष्करभरतीचा अधिकारी झालेला असतो, आणि आपल्या नोकरीचा काळ थोडा कमी व्हावा म्हणून आपल्याच धाकट्या भावाला भरती करतो. त्या पानावर हाइनलाइनची आठवणही येत नाही.

नुसता उपरोध, विडंबनाचा थेंबही नाही, असंही असतं. फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लूथ यांच्या ‘द स्पेस मर्चंट्स’मध्ये (१९५३) जाहिरात कंपन्या जग चालवतात आणि कॉफीत सवय लावणारं रसायन घालतात. पोलनं स्वतः जाहिरातीत नोकरी केली होती. हसू तसं कमीच येतं.

कर्ट व्हॉनेगटची ‘हॅरिसन बर्जरॉन’ ही १९६१ ची गोष्ट मात्र मला कायम अडवते. २०८१ साली सगळे समान असावेत म्हणून बळकट माणसांच्या गळ्यात वजनं, देखण्यांना मुखवटे, हुशारांच्या कानात दर थोड्या वेळानं कर्कश आवाज. सून कोण? समता मागणारे, असं एक वाचक म्हणतो. समता म्हणजे असलंच काहीतरी भयंकर असं समजून घाबरणारे, असं दुसरा. माझा कौल दुसऱ्याकडे, पण पैज लावणार नाही.

पैज लावीन ती गोलगाफ्रिंचमवर. ‘हिचहायकर्स’च्या दुसऱ्या भागातला हा ग्रह आपल्या निरुपयोगी लोकांना, म्हणजे केशरचनाकार, व्यवस्थापन सल्लागार, टेलिफोन पुसणारे वगैरेंना, ग्रह बुडणार अशी थाप मारून एका यानात भरून हाकलून देतो. (मागे राहिलेले सगळे पुढे घाणेरड्या टेलिफोनमुळे साथ येऊन मरतात.) वाचणारा मनसोक्त हसतो, ऑफिसातले दोन-तीन चेहरे त्याला लगेच दिसतात. यान एका हिरव्यागार ग्रहावर आदळतं. हे लोक समित्या नेमतात, झाडाची पानं हेच चलन म्हणून जाहीर करतात, सगळे एका रात्रीत कोट्यधीश होतात, मग महागाई आटोक्यात आणायला जंगलंच जाळून टाकायचं ठरवतात. आणि मग कळतं की तो ग्रह पृथ्वी आहे, आणि आपण सगळे त्यांचे वंशज.