शोधपत्रिकांमधली प्रकाशननीती

शोधपत्रिकांमधली प्रकाशननीती म्हणजे कॉलेजात ज्याला सगळे पब्लिकेशन एथिक्स म्हणतात ते. पेपरमधे, म्हणजे शोधनिबंधात, जे छापलंय ते खरंच केलेलं असावं, ज्याच्या नावावर छापलंय त्यानेच केलेलं असावं आणि छापायच्या आधी त्या विषयातल्या जाणकाराने ते नीट वाचलेलं असावं, इतकी साधी अपेक्षा यामागे आहे. वाचणारा माणूस तो प्रयोग स्वतः परत करून बघत नाही, तो विश्वास ठेवतो आणि पुढचं काम त्यावर उभं करतो, डॉक्टर त्यावरून औषध ठरवतो, सरकार त्यावरून योजना आखतं, म्हणून इथे खोटं बोलणं हे दोन माणसांमधलं खोटं राहत नाही.

शोधपत्रिका, म्हणजे जर्नल, ही जुनी गोष्ट आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सेक्रेटरी हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मधे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, ते आजही निघतं. पण बाहेरच्या तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणं, म्हणजे पियर रिव्ह्यू, ही सगळीकडे रूढ पद्धत व्हायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. लिखित नियम तर त्याहून अलीकडचे. वैद्यकीय जर्नलचे काही संपादक १९७८ मधे कॅनडातल्या व्हँकूवरला जमले आणि पेपर कसा लिहायचा याचे एकसारखे नियम त्यांनी केले, तोच गट पुढे आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९७ मधे ब्रिटनमधल्या संपादकांनी कोप ही समिती काढली. चोरी सापडली तर संपादकाने काय करायचं, लेखकांत भांडण झालं तर कुणाला पत्र लिहायचं, हे सगळं कोपने पायरी-पायरीने लिहून ठेवलंय आणि जगातली हजारो जर्नल ते मानतात, निदान वेबसाइटवर तरी तसं लिहितात.

लेखक कोण

सगळ्यात जास्त मोडला जाणारा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा नियम हा. आयसीएमजेईच्या मते लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात आणि चारही लागतात: कामाच्या कल्पनेत किंवा माहिती गोळा करण्यात, तिचा अर्थ लावण्यात खरा वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा गंभीरपणे सुधारण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि उद्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी. ही चौथी अट २०१३ मधे आली. नुसता निधी मिळवून देणं, लॅब वापरायला देणं, विभागप्रमुख असणं याने कुणी लेखक होत नाही, त्यांचे आभार मानायचे असतात.

आपल्याकडे मात्र सरांचं नाव टाकायचंच असतं, ते कुणी सांगावंही लागत नाही. मग सरांच्या मित्राचं नाव, ज्याचं प्रमोशन अडलंय अशा सहकाऱ्याचं नाव, याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात, भेट दिल्यासारखं. उलट बाजूला ज्या पोराने किंवा पोरीने वर्षभर रात्री जागून रीडिंग घेतली तिचं नाव तिसऱ्या-चौथ्या जागी जातं किंवा जातच नाही. आणि तिने तक्रार कुणाकडे करायची, ज्याच्या सहीशिवाय तिचा थिसिस सबमिट होत नाही त्याच माणसाकडे? हा प्रश्न नियमावल्यांमधे नीट सुटलेलाच नाहीये. कोप सांगतं की लेखकांचा वाद त्यांच्या संस्थेने सोडवावा, आणि संस्था म्हणजे बऱ्याचदा तेच सर.

उचलेगिरी

मराठीत याला वाङ्मयचौर्य हा भारदस्त शब्द आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मधे यावर नियम काढले, त्यात साम्याच्या टक्क्यांप्रमाणे शिक्षा ठरवल्या. थिसिसमधे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० मधे असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर एक वर्ष देताच येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य मोजण्यातून वगळायचं असंही त्यात आहे.

हेतू चांगला होता पण झालं असं की सगळं लक्ष टक्क्यावर गेलं, विद्यार्थी विचारतात "सर किती टक्के चालतं?", जणू १० टक्के चोरीची परवानगी आहे, आणि मग सॉफ्टवेअरचा आकडा खाली आणण्यासाठी शब्द इकडचे तिकडे करून देणारी दुकानं विद्यापीठांच्या आसपास उभी राहिली. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं. ते जुळणं चोरी आहे की नीट संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण, हे माणसानेच वाचून ठरवायचं असतं. मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक भोक आहे. इंग्रजी पेपर किंवा पुस्तकातलं प्रकरण भाषांतर करून आपल्या नावावर मराठीत छापलं तर शब्दाला शब्द जुळवणाऱ्या तपासणीत ते सहज सुटतं. ही चोरी फक्त विषय वाचलेला परीक्षकच पकडू शकतो.

याच घरातले दोन छोटे प्रकार म्हणजे एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलला पाठवणं, आणि एका अभ्यासाचे पातळ काप करून त्याचे चार पेपर करणं.

बनावट माहिती

१९९८ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधे अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. फक्त १२ मुलांचा अभ्यास, पण त्यातून गोवर-गालफुगी-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध असू शकतो असं सुचवलं गेलं, आणि ब्रिटनमधे आईबापांनी लस टाळायला सुरुवात केली. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी खोदून काढलं की लस कंपन्यांविरुद्ध खटला तयार करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते आणि ते पेपरमधे सांगितलं नव्हतं, शिवाय मुलांच्या नोंदी आणि पेपरमधलं वर्णन जुळत नव्हतं. २००४ मधे बहुतेक सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं, पण लॅन्सेटने पेपर पूर्ण मागे घेतला २०१० मधे. मधली १२ वर्षं तो पेपर तिथेच होता! हितसंबंध जाहीर करायची ती कंटाळवाणी ओळ पेपरच्या शेवटी का असते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

भारतातलं गाजलेलं प्रकरण जीवाश्मांचं. पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता पंचवीस वर्षं हिमालयात सापडलेल्या जीवाश्मांवर पेपर लिहीत होते. १९८९ मधे ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मधे दाखवून दिलं की हिमालयातले म्हणून दाखवलेले नमुने न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या नमुन्यांशी हुबेहूब जुळतात, तर काही मोरोक्कोचे आहेत, पॅरिसच्या दुकानात विकत मिळतात तसले. सहलेखक देशोदेशीचे होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती जागा कधी बघितलीच नव्हती, गुप्तांनी पाठवलेला दगड बघून त्यांनी आपापला भाग लिहिला होता. हिमालयाच्या भूगर्भाबद्दलचे कितीतरी पेपर त्या माहितीवर उभे होते, ते सगळे संशयात आले.

परीक्षक

पियर रिव्ह्यू करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, नावही बहुतेक वेळा गुप्त असतं. त्याने पेपर कुणाला दाखवायचा नाही, त्यातली कल्पना स्वतः वापरायची नाही, लेखक आपला मित्र किंवा स्पर्धक असेल तर संपादकाला तसं कळवून बाजूला व्हायचं, आणि वेळेत उत्तर द्यायचं. शेवटची गोष्ट लोक नीतीत धरत नाहीत पण धरायला हवी, सहा-सहा महिने पेपर दाबून ठेवला तर एखाद्याची फेलोशिप संपून जाते.

ही व्यवस्था फसवताही येते. बरीच जर्नल लेखकालाच परीक्षकांची नावं सुचवायला सांगतात, मग काही लेखकांनी खोटे ईमेल पत्ते तयार करून स्वतःच स्वतःचे पेपर पास केले. असल्या टोळीमुळे सेज या प्रकाशकाने २०१४ मधे एकाच जर्नलमधले ६० पेपर मागे घेतले.

बोगस जर्नल आणि आपण

पैसे घ्यायचे, कुणी न वाचता आठवड्यात पेपर छापायचा, वर सर्टिफिकेट द्यायचं, अशा जर्नलना प्रिडेटरी हे नाव अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी दिलं. २०१३ मधे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून लिहिलेला एक बनावट पेपर ३०४ जर्नलना पाठवला, १५७ नी तो स्वीकारला. त्यातली साधारण एक तृतीयांश जर्नल भारतातली होती, भारतातल्या ६४ जर्नलनी होकार दिला आणि फक्त १५ नी नकार. बोहॅनन यांनी वर्गणीवर चालणारी जर्नल तपासलीच नाहीत हा त्या प्रयोगावरचा आक्षेप योग्य आहे, आणि ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारं जर्नल, म्हणजे बोगस असं समजणं चूकच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' किंवा मुंबईतच १९९३ मधे सुरू झालेलं, आता 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' नावाने निघणारं नियतकालिक इंटरनेटवर मोफत वाचता येतं आणि त्यांचा दर्जा सगळ्यांना माहीत आहे.

पण हा धंदा भारतातच एवढा का फोफावला? कारण पेपरचे गुण सुरू झाले. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली, कॅसच्या म्हणजे बढतीच्या फाइलमधे पेपर मोजले जाऊ लागले, पीएचडीचा थिसिस द्यायच्या आधी पेपर छापून आलेला असणं सक्तीचं होतं. ज्या ग्रामीण कॉलेजात लॅब नाही, जर्नलची वर्गणी नाही, आठवड्याचे सगळे तास वर्गात जातात, तिथल्या प्राध्यापकालाही तोच आकडा मागितला गेला. नेट-सेट होऊन सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारी मुलं, ज्यांचं मानधन महिनोन् महिने येत नाही, ती मुलाखतीतले गुण जाऊ नयेत म्हणून उसने पैसे काढून पेपर छापतात. त्यांना नीतीचे धडे द्यायच्या आधी हे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. थिसिसआधी पेपर छापायची ती सक्ती शेवटी २०२२ च्या पीएचडी नियमांनी काढून टाकली.

यूजीसीने मान्य जर्नलची यादी केली तर विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल तिच्यात सरसकट घुसली. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातली १,३३६ जर्नल घेतली, त्यातली स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलच्या जागतिक सूचींमधली ३२७ वगळली आणि उरलेली १,००९ तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल हलक्या दर्जाची असू शकतात असं निघालं, कुठे पत्ता नाही, कुठे संपादकाचं नाव नाही, कुठे आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक चुकीचा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, खोटा. हे २०१८ मधे 'करंट सायन्स'मधे आलं, त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढली. मग २०१९ मधे यूजीसी-केअर ही मान्य जर्नलची नवी यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्रकाशननीतीचा दोन क्रेडिटचा कोर्सही लागू झाला. केअरमधल्या चांगल्या जर्नलच्या नावाने मग हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या, त्यांना क्लोन जर्नल म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मधे यूजीसीने ती यादीच बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. कॉलेजांनी ती कशी पार पाडायची हे अजून कॉलेजांनाच नीट ठरवता आलेलं नाही, कारण पारखायला विषयातलं वाचन लागतं आणि तपासणी समितीपुढे फाइलींचा ढीग असतो.

एखादं जर्नल बरं आहे का हे बघायला त्यातले दोन-तीन जुने पेपर वाचावेत, संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट ईमेल करून विचारावं (काहींना आपलं नाव तिथे आहे हे माहीतच नसतं), आणि स्कोपसमधे आहोत असा दावा असेल तर तो स्कोपसच्याच साइटवर जाऊन बघावा.

पेपरचे कारखाने

आता पेपर विकत मिळतो, लेखकाच्या जागेसकट. पहिलं नाव महाग, तिसरं स्वस्त. फ्रेंच संशोधक गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मधे असे पेपर ओळखायची एक खूण सांगितली. चोरी लपवायला सॉफ्टवेअरने शब्द बदलले की ठरलेल्या संज्ञांची मोडतोड होते, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी 'नकली जाणीव' आणि स्तनाच्या कर्करोगाच्या जागी 'उरातलं संकट' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द येतात. हे परीक्षकाच्या, संपादकाच्या, प्रकाशकाच्या नजरेखालून छापून गेलं. मोठी प्रकाशनंही यातून सुटली नाहीत. वायलीने २०२१ मधे २९.८ कोटी डॉलरला घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनाच्या जर्नलमधून एकट्या २०२३ मधे ८,००० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले आणि ते नावच वायलीने बंद केलं. चॅटजीपीटी आल्यावर कोपने २०२३ मधे सांगितलं की एआय लेखक होऊ शकत नाही कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, वापरलं असेल तर कसं वापरलं ते लेखकाने लिहावं.

मागे घेणं

पेपर मागे घेणं म्हणजे रिट्रॅक्शन. तो पेपर वेबसाइटवरून नाहीसा करायचा नसतो, त्यावर ठळक खूण करून कारण लिहायचं असतं, म्हणजे ज्यांनी तो आधी वापरलाय त्यांना कळतं. इव्हान ओरान्स्की आणि ॲडम मार्कस यांनी २०१० मधे सुरू केलेलं रिट्रॅक्शन वॉच अशा नोंदी ठेवतं. मागे घेतलेले पेपर नंतरही संदर्भ म्हणून येत राहतात ही मोठी अडचण आहे, लोक जुनी पीडीएफ वापरतात.

आणि रिट्रॅक्शन म्हणजे नेहमी लबाडीच असं नाही. २०१८ च्या रसायनशास्त्र नोबेलच्या मानकरी फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी २०१९ मधे 'सायन्स'मधे छापलेला पेपर जानेवारी २०२० मधे स्वतः मागे घेतला, कारण प्रयोग परत करून बघितला तर तसा निकाल येईना आणि लॅबच्या वहीत काही नोंदी नव्हत्या. त्यांनी ट्विटरवर सगळ्यांची माफी मागितली आणि पेपर पाठवला तेव्हा आपण गडबडीत होतो, आपलं काम आपण नीट केलं नाही, असं स्वच्छ लिहिलं.