प्रतिमा वक्रण

सपाट छायाचित्र, चित्र किंवा अक्षरे वाकलेली, गुंडाळलेली, फुगलेली वा लहरणारी दिसावीत म्हणून संगणकावर त्यांतील पिक्सेलांच्या जागा बदलण्याच्या क्रियेला प्रतिमा वक्रण म्हणतात. छायाचित्र-संपादनाच्या व्यवहारात ‘वॉर्प’ हाच शब्द रूढ आहे. प्रतिमा फिरवली, लहानमोठी केली किंवा तिरकी केली तरी तिच्यातील सरळ रेषा सरळच राहते. वक्रणात मात्र ती वाकते आणि प्रतिमेच्या निरनिराळ्या भागांना कमीअधिक ताण बसतो.

अडोबी कंपनीच्या फोटोशॉप या छायाचित्र-संपादनाच्या प्रणालीत २००५ च्या सीएस२ आवृत्तीपासून ‘ट्रान्सफॉर्म’ या यादीत ‘वॉर्प’ची सोय आहे. ती निवडताच प्रतिमेवर तीन गुणिले तीन चौकटींची जाळी उमटते. तिचे कोपरे, कोपऱ्यांना जोडलेली हँडले (ओढण्याच्या मुठी) किंवा मधला कोणताही भाग ओढला की प्रतिमा त्या ओढीनुसार वळते. हे बाक बेझिए वक्रांच्या गणिताने ठरतात. रेनो कंपनीतील पिएर बेझिए आणि सित्रोएनमधील पॉल द कास्तेलजो या दोघांनी मोटारींच्या पत्र्याचे बाक नेमकेपणाने मांडता यावेत म्हणून हे गणित स्वतंत्रपणे उभे केले होते.

जाळी बदलल्यावर संगणक उलट्या दिशेने काम करतो. जुना पिक्सेल कोठे गेला हे शोधत बसल्यास नव्या प्रतिमेत मध्येमध्ये भोके राहतील. म्हणून नव्या प्रतिमेतील प्रत्येक जागेसाठी मूळ प्रतिमेतील जागा शोधली जाते. ही जागा बहुधा पिक्सेलांच्या अधेमधे पडते, त्यामुळे तिचा रंग आसपासच्या चार किंवा सोळा पिक्सेलांवरून काढावा लागतो. तो अंदाजच असल्याने तीच प्रतिमा पुन्हापुन्हा वाकवली की ती मऊ, पुसट होत जाते. म्हणूनच लेयरचे, म्हणजे प्रतिमेच्या थराचे, आधी मूळ प्रतिमा जपून ठेवणारे ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ करून घ्यावे. मग बाक कितीही वेळा बदलला तरी प्रत्येक वेळी गणित मूळ प्रतिमेपासूनच होते.

बरणीवर लेबल चढवताना बऱ्याच चुका होतात. लेबलाच्या वरच्या आणि खालच्या कडेला सारखाच बाक दिला की ते बरणीवर चिकटल्यासारखे न दिसता तिच्यापुढे तरंगल्यासारखे दिसते. कॅमेरा बरणीकडे थोडा वरून पाहत असेल, तर नजरेच्या पातळीपासून जितके खाली जावे तितके वर्तुळ अधिक उघडे दिसते. त्यामुळे खालच्या कडेचा बाक वरच्यापेक्षा जास्त हवा. शिवाय कडांकडे जाताना मजकूर आकसला पाहिजे, कारण मध्यापासून ६० अंश वळलेली लेबलाची पट्टी समोरच्या पट्टीच्या निम्म्याच रुंदीची दिसते. नुसती कमान देऊन हा आकस येत नाही, त्यासाठी जाळीच्या उभ्या रेषाही बाहेरच्या बाजूंना सरकवाव्या लागतात.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत वक्रणाचे महत्त्व रोमन अक्षरांहून मोठे आहे, कारण देवनागरीत शिरोरेषा असते. ‘सुस्वागतम्’ हा शब्द कमानदार मार्गावर बसवला, म्हणजेच ‘टेक्स्ट ऑन पाथ’ वापरले, तर प्रत्येक अक्षर न वाकता नुसते फिरते. अक्षरांचे माथे एकमेकांपासून फाकतात आणि शिरोरेषेचे सरळ तुकडे पडतात. कमान उलटी असेल तर तेच तुकडे एकमेकांवर चढतात. स्वागतफलकांवर हा दोष पाहिला की अक्षरांची हेळसांड झाल्याचे वाईट वाटते. फोटोशॉप ६ पासून, म्हणजे २००० पासून, असलेले ‘वॉर्प टेक्स्ट’ अक्षरांच्या बाह्यरेषाच वाकवते, त्यामुळे शिरोरेषा एकसंध कमान होऊन राहते. त्यातील पंधरा तयार प्रकारांपैकी ‘आर्क’ या कामाला योग्य आहे. मात्र आपोआप धरला जाणारा ५० टक्के बाक फार होतो: वरच्या मात्रा आणि रफार पसरतात, खालचे उकार चेपतात. २० टक्क्यांच्या आसपासचा बाक बहुतेक शब्दांना पुरतो.

याच २००० सालच्या आवृत्तीत ब्रशने प्रतिमा ढकलण्याचे ‘लिक्विफाय’ आले, आणि २०१० च्या सीएस५ मध्ये टाचण्या रोवून हातपाय वळवण्याचे ‘पपेट वॉर्प’. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप या संपादन-प्रणालीत २०१२ पासून पिंजऱ्यासारखी चौकट आखून वाकवण्याची आणि २०१८ पासून ब्रशने वाकवण्याची सोय आहे. भिंगामुळे फुगलेल्या कडा सरळ करणे आणि उपग्रहाने टिपलेली प्रतिमा नकाशावर नेमकी बसवणे, हीदेखील वक्रणाचीच कामे होत. तेथे बाक द्यायचा नसतो, काढायचा असतो.

माणसांच्या शरीरावर हे तंत्र वापरले जाऊ लागल्यावर कायद्यालाही त्याची दखल घ्यावी लागली. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीतील छायाचित्रावर तसा उल्लेख सक्तीचा झाला. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून असा नियम लागू आहे. सुजाण डोळा कमरेशेजारची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकली आहे का ते पाहतो. पण केवळ चेहरा हलकेच बदललेला असेल तर ही खूणही सापडत नाही. अडोबी आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लिक्विफाय’ने बदललेले चेहरे माणसांना दाखवले, तेव्हा त्यांची उत्तरे सुमारे ५३ टक्के वेळाच बरोबर आली, म्हणजे नाणे उडवण्याहून किंचितच बरी. संशोधकांनी शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीची, अचूकता ९९ टक्क्यांपर्यंत गेली, आणि कोणता भाग कोणत्या दिशेने ओढला आहे याचा अंदाज घेऊन मूळ चेहरा बऱ्याच अंशी पुन्हा उभा करणेही त्याला साधले.