चल रोधक

हाताने किंवा स्क्रूड्रायव्हरने ज्याचा रोध कमीजास्त करता येतो, असा विद्युत मंडलातील घटक. कार्बन, सर्मेट (सिरॅमिक व धातूचे मिश्रण) किंवा नायक्रोमच्या तारेचा रोधपट्टा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पिन आणि पट्ट्यावर सरकणारा, तिसऱ्या पिनेला जोडलेला वायपर, एवढीच त्याची रचना. टोकांमधला एकूण रोध कायम असतो. वायपरपासून एका बाजूचा वाढला की दुसऱ्या बाजूचा तेवढाच घटतो.

तिन्ही पिना वापरल्या तर तो विभवविभाजक, म्हणजे दिलेल्या व्होल्टेजचा हवा तेवढा भाग देणारा, होतो; यालाच पोटेन्शिओमीटर किंवा थोडक्यात पॉट म्हणतात. मात्र पुढे जोडलेला भार, म्हणजे ते व्होल्टेज वापरणारा घटक, हिशेब बिघडवतो. १० किलोओहमच्या पॉटला १० व्होल्ट देऊन वायपर मधोमध ठेवला, तर ५ व्होल्ट मिळतात. त्यावर १० किलोओहमचा भार टाकताच तो खालच्या ५ किलोओहमला समांतर येऊन तो अर्धा भाग ३.३३ किलोओहम होतो आणि हाती ४ व्होल्टच येतात. म्हणून भाराचा रोध पॉटच्या निदान दहापट असावा.

एक टोक आणि वायपर अशा दोनच पिना वापरल्या तर तो रिओस्टॅट, म्हणजे नुसता कमीजास्त होणारा रोध. अशा वेळी उरलेली पिन मोकळी सोडू नये, वायपरला जोडावी. वायपर क्षणभर उचलला गेला तरी मग पूर्ण रोध मंडलात राहतो. एलएम३१७ या आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटर आयसीमध्ये हे विसरल्यास खराब वायपरपायी आउटपुट थेट इनपुटजवळ जाऊ शकते.

पॉट जळतात ते बहुधा वॅटचा अर्थ चुकीचा लावल्याने. अर्धा वॅट ही क्षमता अख्ख्या पट्ट्याची असते. १ किलोओहमच्या पॉटमधून म्हणून सुमारे २२ मिलिअँपिअरच न्यावेत, वायपर कुठेही असो. तो टोकाशी नेऊन ५० ओहमच उरले आणि १२ व्होल्ट थेट दिले, तर २४० मिलिअँपिअर वाहतात आणि पट्ट्याचा तेवढाच तुकडा करपतो. मालिकेत एक स्थिर रोधक घालणे हा सोपा उपाय.

आवाजाच्या नियंत्रणाला लॉगरिदमिक (आरंभी सावकाश, पुढे झपाट्याने बदलणारा) पॉट लागतो, कारण कानाची जाणीव रेषीय, म्हणजे सम प्रमाणात वाढणारी, नसते. रेषीय पॉट लावला तर सगळा बदल सुरुवातीच्या थोड्याशा फिरवण्यातच जाणवतो. हल्ली ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे रेषीय असे छापतात, पण जुन्या युरोपीय पॉटवर अर्थ वेगळा असतो. मधोमध ठेवून मल्टिमीटरने मोजलेले बरे; निम्मा रोध दिसला तर रेषीय. मोजताना पॉट मंडलातून सोडवावा. सावकाश फिरवताना आकडा मध्येच उडाला, तर पट्टा झिजला आहे किंवा मळला आहे. मळ कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो, झीज नाही. नवा पॉटही खरखरत असेल, तर वायपरमधून डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) जात आहे का ते पाहावे. मालिकेतला कपॅसिटर ती अडवतो.