स्वस्तातला मॅग्नेटिक स्टँड आणि नाचणारी सुई

लेथवर जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) ट्रू करायला, म्हणजे तो न डगमगता मधोमध फिरतोय का बघायला डायल (बारीकसं हलणं सुईने दाखवणारं मापक) लावला, सुई एकदा ३ घरं दाखवते, चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) परत फिरवला की ५, तिसऱ्यांदा भलतंच काहीतरी, मग शिव्या खातो तो डायल. पण डायल बऱ्याचदा ठणठणीत असतो हो, गडबड असते तो ज्याला टांगलाय त्या स्टँडमध्ये.

ज्यांनी वर्कशॉप पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खाली नॉबवाला चौकोनी लोखंडी बेस, जो मशीनला चिकटतो, त्यावर उभा रॉड, त्याला क्लँपने आडवा रॉड आणि टोकाला डायल. साध्या डायलचं एक घर ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे एका केसात अशी ७ घरं बसतात, आणि एवढं बारीक मोजायचं तर डायल धरणारा स्टँडचा हात त्याहून कमी हलायला हवा, स्वस्त स्टँडची बोंब इथेच होते.

आता रॉड किती वाकतो ते बघू. १२ मिमी जाडीचा स्टीलचा रॉड २०० मिमी बाहेर काढून टोकावर फक्त १ न्यूटन, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास जोर दिला तर टोक १३ मायक्रॉन खाली जातं. डायलच्या आतली स्प्रिंग टोकावर साधारण एवढाच जोर लावते! रॉड १०० मिमीच ठेवला तर तेच वाकणं १.६ मायक्रॉनवर येतं, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या हिशोबाने वाढतं आणि जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणून १२ ऐवजी १० मिमीचा रॉड असेल तर तो दुपटीपेक्षा जास्त वाकतो. थोडक्यात, रिपेरिंगचा पहिला फुकटचा उपाय म्हणजे डायल बेसच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, उगाच हात लांबवू नका.

पण खरं सांगायचं तर नुसतं वाकणं एवढं छळत नाही, कारण जोर तोच राहिला की वाकणंही तेवढंच राहतं आणि आपल्याला तर फरकच मोजायचा असतो. छळतो तो सांध्यातला झोल, कारण तो दरवेळी वेगळा. खालच्या क्लँपमध्ये ०.०१ अंशाचा झोल असेल, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही असा, तरी २५० मिमी लांबच्या टोकाला तो ४४ मायक्रॉन होतो, चार घरं गेलीच. तोच झोल डायलपासून ३० मिमीवर असेल तर ५ मायक्रॉन. म्हणून बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू आणि ती पातळ स्प्रिंगपट्टी ज्या स्टँडमध्ये बुडाशी दिलीय ना, तो मला मुळीच पटत नाही. शक्य असेल तर तो भाग वर डायलजवळ आणून बसवा.

झोल कुठल्या सांध्यात आहे ते शोधायला बेस सरफेस प्लेटवर (एकदम सपाट केलेल्या लोखंडी पाटावर) चिकटवा, डायलचं टोक प्लेटलाच टेकवा, सुई शून्यावर आणा आणि आडव्या रॉडला बोटाने हळूच दाबून सोडा. सुई जाऊन परत शून्यावर आली तर रॉड फक्त वाकला आणि सरळ झाला, त्याचं काही नाही. परत येताना दोन घरं अलीकडेच थांबली तर कुठेतरी काहीतरी सरकलंय. मग दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर, दोन भाग जिथे भेटतात त्या रेषेवर ठेवून परत दाबा, सरकणारा सांधा बोटाला चक्क कळतो.

दोषी बहुतेकदा क्लँप असतो. त्याच्या भोकाला एक फट असते, स्क्रू आवळला की फट मिटते आणि रॉड पकडला जातो. स्वस्तात भोक ढिलं मारलेलं असतं, त्यामुळे रॉड पकडायच्या आधीच फटीचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकतात, मग कितीही आवळा, आटे जातील पण पकड येणार नाही. हॅक्सॉने फट थोडी रुंद करा, भोकाच्या तोंडावरची बर (कापताना उरलेली धारदार कड) कानशीने काढा आणि तरीही ढिलं वाटलं तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून आत गुंडाळा, तो साधारण ०.१ मिमी असतो, शिम (ढिली जागा भरायची पातळ पट्टी) म्हणून एकदम फिट.

डायल धरायच्या भोकाचं दुखणं वेगळं. मेट्रिक डायलचा स्टेम (डायल ज्याला पकडतात ती नळी) ८ मिमी, इंची डायलचा पाव अधिक अष्टमांश इंच, म्हणजे ९.५ मिमीच्या आसपास, आणि मोठ्या भोकात ८ चा स्टेम घालून स्क्रूचं टोक थेट त्यावर आवळलं की स्टेम किंचित दबतो, आतली दांडी अडकते आणि डायल कायमचा आजारी. त्यापेक्षा पितळेचा पातळ बुश (भोकात बसणारी नळी) टर्न करा, त्याला उभी चीर द्या, काम झालं.

मधल्या एका नॉबने तिन्ही सांधे लॉक होणारा हात असेल तर आतले गोळे तेलकट आहेत का ते आधी तपासा. त्यात दांड्या गोळ्यांना दाबून धरतात, सगळा खेळ घर्षणाचा, आणि कोणीतरी गंज लागू नये म्हणून तिथे भरभरून ग्रीस घालतं! रॉकेलने धुवून कोरडं करा. नॉब पूर्ण आवळूनही पकड येत नसेल तर दांडी आखूड पडतेय, तिच्या मागे स्टीलची पातळ चकती टाका.

आता बेस. आत गोल चुंबक असतं, आडव्या दिशेने चुंबकित केलेलं, दोन बाजूंना लोखंडाचे ठोकळे आणि मध्ये पितळ किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. नॉब ऑनला नेला की चुंबकाचे ध्रुव एकेका ठोकळ्याकडे येतात आणि चुंबकीय रेषांना खालच्या जॉबमधूनच जावं लागतं. ९० अंश फिरवला की ध्रुव पट्टीकडे जातात, दोन्ही ठोकळे रेषांना घरातल्या घरात फिरवून आणतात, पकड सुटते. नॉब जाम झाला असेल तर बेस आधी जाड लोखंडावर ठेवा, मग ऑनकडे हलका फिरतो, हवेत धरून झटापट करू नका. आणि चुंबक बाहेर काढायचा मोह आवरा, जुन्या अल्निकोचं (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचं) चुंबक लोखंडाबाहेर आलं की त्याचं बळ घटतं, फेराइटचं (काळ्या, ठिसूळ चुंबकाचं) तसं होत नाही पण ते पडलं की फुटतं.

पकड कमी वाटली तर दोष चुंबकाचा नाही, बुडाचा असतो बऱ्याचदा. सरफेस प्लेटला ब्लू (तपासायचा निळा रंग) पातळ लावून त्यावर बूड घासा, बुडावर ठिपके नुसते दोन कोपऱ्यांवर आले तर बाकी जागी हवेची फट आहे, आणि चुंबकाची पकड फटीत झपाट्याने पडते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून नॉब ऑफ करून घासत राहा, डाग सगळीकडे पसरेपर्यंत. लोखंडाच्या चिप्स (बारीक कण) मात्र नीट पुसा, त्या बुडाला चिकटून राहतात.

एवढं करूनही सुई हळूहळू सरकतेय? रॉड हातात धरून ठेवला होता का बघा. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, २०० मिमीचा उभा रॉड हाताच्या उबेने ५ अंश तापला की १२ मायक्रॉन लांब होतो, एका घराहून जास्त. डायल लावून झाल्यावर पाचेक मिनिटं हात लावू नका, मग शून्य करा.